खिशात राहिलेली चिंधी

१२ डिसेंबर २०२४, गुरुवार. पालेगाव. पिल्ले सात, जिवंत एक.

ही ओळ यशोधरा शेजवळने केंद्राच्या नोंदवहीत स्वतःच्या हाताने लिहिली आणि खाली सही केली. ती समासात लिहावी लागली, कारण नोंदवहीत तशी सोय नव्हती. पकडलेली कुत्री, शस्त्रक्रिया झालेली, जागेवर परत सोडलेली, केंद्रात दगावलेली, असे चार रकाने छापलेले आहेत. जी केंद्रात कधी आलीच नाहीत आणि तरी केंद्रामुळे मेली, त्यांच्यासाठी कोणी रेघ आखलेली नव्हती.

यशोधरा अंबरनाथ पश्चिमेला दोन खोल्यांत राहते. नवरा गेल्याला सात वर्षे झाली. घरात ती आणि दहावीतली मुलगी जिज्ञासा. वयाच्या अठराव्या वर्षापासून तिने उल्हासनगरच्या एका जीन्सच्या कारखान्यात धागे कापले. शिवून आलेल्या पँटीचा सुटा धागा शोधायचा आणि छाटायचा. दिवसाला शेकडो पँटी हाताखालून जात. हे काम डोळ्यांनी करणारीला संध्याकाळी घर दिसेनासे होते, म्हणून बायका ते बोटांवर सोपवतात. यशोधराची बोटे त्यात इतकी तयार झाली की कारखान्याचा सिंधी शेठ नव्या बायकांना तिच्याकडे पाठवायचा आणि म्हणायचा, "इसकी उंगली में आँख है, सीखो."

२०१३ साली कारखाना बंद पडला आणि ती अंबरनाथबाहेरच्या श्वान निर्बीजीकरण केंद्रात झाडलोटीला लागली. भटकी कुत्री गाडीतून आणायची, त्यांची शस्त्रक्रिया करायची, झाल्याची खूण म्हणून कानाचा कोपरा कापायचा आणि चार-पाच दिवसांनी जिथून उचलले तिथेच नेऊन सोडायचे, असे तिथले काम. झाडता झाडता ती कुत्र्याला न दुखवता धरायला शिकली. दोन वर्षांत परिचारिकेचे सगळे काम तिच्याकडे आले. चावलेल्या खुणा तिच्या दोन्ही हातांवर आहेत. त्या कशा झाल्या ते विचारले तर ती कुत्र्याची बाजू घेऊन सांगते.

तिथे तिने एक रीत सुरू केली. अंगावर पिल्ले पीत असलेली मादी उचलू नये असा नियम आहे, पण पहाटे जाळे टाकणाऱ्याला अंधारात तिचे पोट दिसत नाही. त्यामुळे गाडीत अशी एखादी तरी येतेच. यशोधरा गाडी आल्याबरोबर प्रत्येक मादीचे आचळ अंगठा आणि तर्जनी यांत धरून हलके दाबू लागली. दुधाचा थेंब आला की खिळ्याला लावलेल्या गठ्ठ्यातून एक पिवळी चिंधी ओढायची आणि पिंजऱ्याच्या दाराला बांधायची. चिंध्या उल्हासनगरच्या कटिंगच्या. जुन्या ओळखीवर पोते भरून मिळत. चिंधी असलेल्या पिंजऱ्याला डॉक्टर हात लावत नसत. ती मादी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत, आपल्या पिल्लांपाशी परत पोचवली जाई. हिला केंद्रात संध्याकाळची फेरी म्हणत. कोणत्याही परिपत्रकात ती नव्हती. पण इतक्या वर्षांत ती एकदाही चुकली नाही आणि आसपासच्या वस्त्यांना, गावांना ती ठाऊक झाली होती. आपल्या गल्लीतली बाळंत कुत्री गाडीने नेली तरी लोक भांडायला येत नसत. संध्याकाळची वाट पाहत.

केंद्रातल्या अकरा वर्षांत यशोधराचे काय झाले, हे सांगणे अवघड आहे, कारण काही घडले असे कोणत्याच एका दिवशी वाटले नाही. सुरुवातीला ती प्रत्येक कुत्र्याला नाव द्यायची. नावे देणे कधी थांबले ते तिला आठवत नाही. परिचर चार होते, ते दोन उरले. जखमी जनावरांसाठी तिचा फोन नंबर कोणीतरी व्हॉट्सअ‍ॅपच्या समूहांवर टाकला आणि लोक त्यावर वाटेल तेव्हा वाटेल ते बोलू लागले. कुत्र्यांना खाऊ घालणारे तिला कसाई म्हणत. कुत्री नको असणारे म्हणत, एवढी कणव आहे तर घरी ने. दोन्ही बाजूंचे लोक संध्याकाळी आपापल्या घरी गेले की जे उरे ते तिच्यापाशी येई. ज्यांच्या वाचण्याची आशा नसे अशांना डॉक्टर झोपेचे इंजेक्शन देत, आणि त्या वेळी जनावराचे डोके मांडीवर धरायचे काम तिचे. पूर्वी त्यानंतर ती मागच्या कट्ट्यावर थोडा वेळ बसत असे. पुढे बसायला वेळ उरला नाही. आणखी पुढे वेळ असला तरी बसावेसे वाटेना. एका समाजाला जेवढी करुणा लागते तेवढी त्याने चार-दोन हातांकडे सोपवावी, आणि ते हात बधिर होत चालले आहेत हे त्या हातांच्या धन्यालाही कळू नये, असे काहीसे ते होते.

घरी जिज्ञासाने एकदा विचारले होते, "आई, तू माझ्या केसांना तेल लावताना कुठे असतेस गं?"

"इथेच तर आहे."

"हात इथे आहेत," मुलगी म्हणाली आणि वेणी पुढे ओढून स्वतः घालू लागली.

२०२४च्या नोव्हेंबरात निर्बीजीकरणाची मोहीम लागली. साप्ताहिक सुट्ट्या रद्द झाल्या. त्या बदल्यात भरपाई रजा मिळतील असे कागदावर आले. यशोधराने एकच दिवस मागितला होता, सहा डिसेंबर. आईच्या कडेवर असल्यापासून तिचा एकही सहा डिसेंबर चैत्यभूमीवर गेल्यावाचून गेला नव्हता. अर्जावर शेरा आला: मोहीम संपल्यावर. त्या दिवशी तिने घरातल्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावली, त्रिसरण म्हटले आणि कामावर गेली.

नऊ तारखेच्या सोमवारी गाडीतून अठ्ठावीस कुत्री आली, त्यांत सतरा माद्या. यशोधरा पिंजऱ्यांच्या रांगेने जात होती. दोन दारांना तिने चिंध्या बांधल्या. त्यानंतरचे तिला तुकड्यांनी आठवते. उल्हासनगरहून एक बाई रिक्षात कुत्रा घेऊन आली होती. टेम्पोने त्याची कंबर मोडली होती. आतून डॉक्टरांची हाक आली, "ताई, डोकं धरायला या." सात दिवसांतले ते पाचवे डोके. सुई टोचेपर्यंत तो कुत्रा तिचे मनगट चाटत होता. नंतर तिने हात धुतले आणि बाहेर येऊन पंधराव्या पिंजऱ्यापासून पुढे काम सुरू केले.

मंगळवारी आणि बुधवारी तिला बदलापूरला मांजर्लीत लसीकरणावर पाठवले. नदीकाठच्या सोसायट्यांमधून ती दोन दिवस हिंडली. केंद्रातले पिंजरे तिने पाहिले नाहीत.

गुरुवारी सकाळी सहा वाजता ती मोरीत अ‍ॅप्रन धुवायला बसली.

"खिसे बघ आधी," आतून जिज्ञासा म्हणाली. "मागच्या वेळी सुई निघाली होती त्यातनं."

यशोधराने खिशात हात घातला आणि पिवळी चिंधी बाहेर काढली. चिंधीचे एक टोक वाळून कडक झाले होते. तिने ते बोटांत चुरगाळले. दूध वाळले की असे होते.

चिंधी खिळ्यावरून निघते ती थेंब आल्यावरच. ती खिशात आहे, याचा अर्थ कुठल्या तरी दारावर ती नाही.

"आई, नळ बंद कर ना. सातला पाणी जाईल."

यशोधराला त्या मादीचा चेहरा आठवत नव्हता. रंग नाही, डोळे नाहीत, गुरगुरली होती का तेही नाही. बोटांनी थेंब ओळखला होता, चिंधी ओढली होती, आपले काम बिनचूक केले होते. पण बोटांना कळलेले तिच्यापर्यंत पोचलेच नव्हते. तिने नळ बंद केला आणि ओला अ‍ॅप्रन तसाच बादलीत टाकून निघाली.

चौदाव्या पिंजऱ्यात तपकिरी मादी पडली होती, छातीवर पांढरा ठिपका. कान कापलेला. उजव्या कुशीवर टाके. छेद कुशीवर देतात, त्यामुळे कापडाखाली झाकलेले पोट डॉक्टरांना दिसलेच नव्हते. आणि दाराला चिंधी नसल्यावर पाहण्याचे कारणही नव्हते. फरशीवर दुधाचे पांढरे डाग होते. आचळे दगडासारखी झाली होती. चिठ्ठीवर लिहिले होते: पालेगाव, नव्या इमारतींच्या मागे.

डॉ. विक्रांत एकोणतीस वर्षांचे. तेही त्या महिन्यात घरी गेलेले नव्हते. त्यांनी चिंधी पाहिली आणि खुर्चीवर बसले.

"सोमवार पहाटेपासून," ते म्हणाले. "म्हणजे तीन दिवस."

"आज सकाळी तीन झाले. मी हिला घेऊन जाते."

"ताई, टाके दोन दिवसांचे आहेत. उसवले तर हीसुद्धा जाईल. चार दिवसांचा नियम आहे."

"दूध असलेलीला कापायचं नाही, हापण नियमच आहे, डॉक्टर."

"पिल्लं असतीलच कशावरून? असली तरी जिवंत..."

"आठही आचळं ओढलेली आहेत. सहा-सात तरी असतील." ती थांबली. "तिच्याशिवाय जागा सापडणार नाही. इतकी आडोशाला घालतात."

डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "पट्ट्याने बांधून न्या. सोडू नका. सापडतील ती सगळी इथेच आणा, आईसकट." मग हळू म्हणाले, "आणि नोंदीचं नंतर बघू. घाईने काही लिहू नका. चूक कोणाची, हे विचारतील."

"माझी आहे," यशोधरा म्हणाली. ती हे चेहऱ्यावर भावही न आणता म्हणाली, आणि ते डॉक्टरांना अधिक लागले.

गाडी हरिचंद्रने काढली. जाळे टाकणारा तोच. पन्नाशीचा, पालेगावचाच, बडबड्या. पण स्टेशन ओलांडेपर्यंत तो बोलला नाही.

"ताई, एक सांगू का," शेवटी तो म्हणाला. "त्या पहाटे गोजरबाई आडवी आली होती. म्हणाली, हरिचंद्र, ही बालतीन हाय. मी काय बोललो असेल?"

यशोधराने मागच्या पिंजऱ्याकडे वळून पाहिले.

"मी बोललो, अगं मावशे, आपली ताई हाय ना तिथं. तिचा हात लागला का समजतं. सांजच्याला हिला गाडीतनं सोडतो, व्हीआयपी." त्याने कपाळावर हात मारला. "व्हीआयपी बोललो मी."

"तुम्ही सोडून द्यायचं होतं तिला, दादा."

"हां. सोडायचं होतं." त्याने गिअर बदलला. "पन सवय झालेली ना, ताई. तुमच्यावर टाकायची."

पालेगावात नव्या इमारतींच्या फाटकाशी रखवालदाराने गाडी ओळखली. "आली कुत्तों की अ‍ॅम्ब्युलन्स! ओ काका, इधर से भी दो-चार उठाओ, सेक्रेटरी रोज मेरा दिमाग खाता है." हरिचंद्रने हात हलवला, काच वर केली.

इमारतींच्या मागे गोजरबाईचे घर आहे. भोवतालची शेते विकली गेली, तिचा तेवढा तुकडा राहिला. सत्तरी ओलांडलेली बाई पायरीवर बसून वाल सोलत होती. गाडी पाहून तिचा चेहरा उजळला.

"आनलीस गो बाय? मी बोलली, आज नाय तर उद्या, ती आनल्याबिगर रानार नाय."

यशोधरा तिच्यापुढे उकिडवी बसली. "मावशी, पिल्लं कुठे आहेत?"

"ती काय मना दाखवते? त्या पायपांच्या बाजूला जायची. दोन दिवस रडायची गो पोरां. आयकू यायची इथवर. काल सकालधरना गप झाली." गोजरबाईने मूठभर वाल सुपात टाकले. "मी बोलली, निजली."

"तुम्ही बघायला नाही गेलात?"

हा प्रश्न विचारायचा अधिकार आपल्याला नाही, हे तो तोंडातून निघाल्यावर यशोधराला कळले. म्हातारीने मात्र तो साधाच घेतला.

"नाय गेली. तू हायस ना, म्हनून नाय गेली."

हरिचंद्रने पिंजरा उघडला. मादीला खाली उतरवून पट्टा यशोधराच्या हातात दिला. ती ओढू लागली. टाक्यांमुळे एका बाजूने वाकडी चालत होती, पण थांबत नव्हती. गटाराच्या कामासाठी आणलेले सिमेंटचे मोठे पाईप तिथे रचून ठेवले होते. खालच्या ओळीतल्या कडेच्या पाईपाचे तोंड कोणीतरी वाळूच्या गोणींनी बुजवले होते; दुसऱ्या टोकाला फक्त कुत्र्याला शिरता येईल एवढी फट. मादी तिथे पोचली आणि आत गेली. यशोधराने पट्टा सैल सोडला.

आतून आवाज आला नाही.

हरिचंद्रने गोणी ओढून काढल्या. यशोधरा कोपरांवर सरपटत आत शिरली. मादी आधीच आडवी झाली होती. शिवलेली कूस वर आणि आचळे पिल्लांकडे, अशी. ती एकेकाला जिभेने ढकलून पोटाशी आणत होती, आणि ते जिथे आणले तिथेच राहत होते. मग ती दुसऱ्याला आणे.

यशोधराने बोटे पुढे केली. पहिले गार होते. दुसरेही. तिने प्रत्येकाला मानेखाली, पोटाशी, पुन्हा मानेखाली चाचपले. घाई केली नाही. सहा गार होती. सातवे सगळ्यांच्या खाली दबलेले होते, आणि त्यामुळेच कोमट. बोटाखाली काहीतरी हलले, इतके बारीक, की तो आपलाच ठोका असेल म्हणून तिने दोन वेळा पाहिले.

"एक आहे," तिने बाहेर सांगितले.

दूध दगडासारखे गोठलेले. तिने आचळ ओल्या फडक्याने पुसले, हलके चोळले, पहिल्या धारा जमिनीवर जाऊ दिल्या आणि मग एक थेंब पिल्लाच्या ओठावर धरला. बराच वेळ तो तिथेच राहिला. मग ओठ हलला.

गोजरबाई पाईपाच्या तोंडाशी येऊन उभी होती. सहा पिल्ले पोत्यावर ओळीने ठेवलेली पाहून ती खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडू लागली. आपल्या घरातले कोणी गेल्यासारखी, मोठ्याने, आवाज काढून. हरिचंद्रही पाठ करून डोळे पुसत होता. यशोधरा त्या दोघांकडे पाहत राहिली. त्यांच्यापाशी जे आहे ते आपल्यापाशी होते, अगदी होते, आणि आता हात घातला तर तिथे काही लागत नाही, हे तिला त्या क्षणी स्पष्ट दिसले. पिल्ले मेल्याचे नव्हे, याचे तिला भय वाटले.

"मावशी, फावडं आहे का?" ती म्हणाली.

गोजरबाईने आपल्या वालाच्या वाफ्याशेजारची जागा दाखवली. हरिचंद्रने खड्डा खणला. पुरताना म्हातारीने प्रत्येकावर चिमूटभर हळद टाकली. ती यशोधराला एक शब्दही लावून बोलली नाही. निघताना वालाची पुरचुंडीही दिली. तो दिवस यशोधराला सर्वांत जड गेला तो त्या पुरचुंडीमुळे.

केंद्रात परतल्यावर तिने आई आणि पिल्लू चौदाव्या पिंजऱ्यात गोणपाटावर ठेवले, दाराला पिवळी चिंधी बांधली, आणि मग समासातली ती ओळ लिहिली. खाली आणखी लिहिले: दूध तपासले होते. चिंधी बांधली नाही. तपासणारी, यशोधरा शेजवळ.

डॉक्टरांनी वाचले. खोडायला सांगितले नाही.

"डॉक्टर, आचळं बघायचं काम दुसऱ्या कोणाला द्या," ती म्हणाली. "माझ्या हातावर आता विसंबू नका."

"दुसरं कोण आहे, ताई?"

ती विचार करून म्हणाली, "कोणी नाही."

"मग?"

"मग मला थोडे दिवस द्या. झोपायला नको. नुसतं बसायला."

डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी तिचा अर्ज स्वतः लिहिला. भरपाई रजा शिल्लक आहेत, त्यांतल्या चार तातडीने द्याव्यात, असे दोन ठिकाणी अधोरेखित केले. आठवड्याने कार्यालयातून तो परत आला. शेरा सहा डिसेंबरच्या अर्जावर होता तोच, त्याच अक्षरात. यशोधराने तो घडी घालून डब्याच्या पिशवीत ठेवला आणि गाडी आली होती म्हणून उठली.

आता ती प्रत्येक मादी दोनदा तपासते. चिंधी ओढली की ती आधी स्वतःच्या मनगटाला गुंडाळते, आणि दाराला बांधून झाल्याशिवाय कोणाचीही हाक आली तरी जागची हलत नाही. डोके धरायला उशीर होतो. जनावर तेवढा वेळ अधिक कण्हते. ते तिला ऐकू येते. संध्याकाळची फेरी त्यानंतर चुकलेली नाही. पालेगावात मात्र आता गाडी दिसली की गोजरबाई काठी घेऊन बाहेर येते आणि आपली कुत्री कुठे आहेत ते आधी मोजते.

जानेवारीच्या अखेरीस आई आणि पिल्लू परत पोचवले. पिल्लू वालाच्या वाफ्यात शिरून माती उकरू लागले, आणि गोजरबाईने त्याला घाईघाईने उचलून दूर ठेवले.

"याला नाव ठेव गो बाय," ती म्हणाली. "तू पयले ठेवायचीस ना समद्यांना."

यशोधरा त्याच्यासमोर उभी राहिली. पिल्लाने तिची चप्पल चावली. हरिचंद्रने दोनदा हॉर्न दिला.

"तुम्हीच ठेवा, मावशी," ती म्हणाली, आणि गाडीत जाऊन बसली.

मोहीम मार्चअखेर संपली. मोहिमेच्या काळातल्या यशोधरा शेजवळच्या एकोणीस भरपाई रजा देणे आहेत. आजपर्यंत त्यांतली एकही मिळालेली नाही.